खिंडीखालचा ठराव

छबे, तू आधी नुसतं ऐक. मधी बोलू नको, घागर रांगेत लावायची राहिली म्हनू नको, टँकर आला की दोघी मिळून पळू. नुसतं ऐक. दौऱ्यावरनं आल्यापासनं कुनाला तरी सांगायचंय मला आन घरात सांगता येत न्हाई, कारन गोष्ट भामाआत्याची हाय.

तू लग्न होऊन परळीला गेलीस तवा आपली महिला दूध सोसायटी नुसती पाटीपुरती होती. आता तसं न्हाई. आत्या चेअरमन हाय, चार संचालिका हायत, आन मी सचिव. पगारी. दुधाचं फॅट मी काढते, मिटिंगमधी काय ठरलं ते मी लिहिते, पन मला मत नसतंय. सचिव म्हंजी नोकर, तिनं हात वर करायचा न्हाई. एवढं ध्यानात ठेव, पुढं लागतंय.

आन आमची एक खोड हाय. काहीबी करायचं तर ठराव. सूचक कोन, अनुमोदक कोन, हात वर करा. मिटिंगच्या चहात साखर घालायची का गूळ, त्याचाबी ठराव झालाय. हसू नको, खरंच झालाय, गूळ हरला. सुरवातीला गडी मानसं म्हनायची, बायांची सोसायटी म्हंजी पानवठ्यावरच्या गप्पा. तवापासनं आत्यानं हट्टच धरला की आपल्याकडं सगळं कायद्यात. समसमान मतं पडली तर चेअरमनचं मत. झालं. पुन्हा त्यावर कुनी तोंड उघडायचं न्हाई.

बरं, आता ह्या साली असला दुष्काळ, जनावरं सगळी चारा-छावनीत, डेअरीत दूध येतंय ते कॅनच्या बुडाशी, आन तेवढ्यात वरनं सांगावा आला की हिमाचलच्या बायकांच्या सोसायट्या बघायचा दौरा मंजूर झालाय. आता गेल्या तर गेल्या, न्हाई तर दुसऱ्या तालुक्याच्या बाया जातील. छावनीत ही बातमी पसरली तवा माणिकराव तिथं होते. शेजारच्या मोठ्या सोसायटीचे चेअरमन. वैरनीच्या गंजीला टेकून सगळ्यांदेखत म्हनले, "म्हशी छावनीत आन बाया हिमालयात. आमी गेलतो गेल्या साली. तिथं डोंगर चढवितेत, खिंडीपातुर. आमचे पैलवान गडी निम्म्यातनं माघारी आले. तुमी आपलं मांजरसुंब्याचा घाट गाडीतनं बघा."

आत्या म्हशीला पेंडीचा घास देत होती. तिनं वर बघितलंबी न्हाई. म्हनली, "माणिकराव, खिंडीवरचा फोटो तुमच्याच हापिसात आनून लावते. खिळा तेवढा ठोकून ठेवा."

सगळे हसले. मीबी हसले. त्या खिळ्यापायी एवढं होईल असं कुनाला वाटलं असतं का?

मग काय, जीपनं परळी, परळीला रेल्वेत बसलो, मग दिल्ली, मग बस, आन बस वर वर वर. मी खिडकीतनं डोकं आत घेतलंच न्हाई. छबे, खाली नदी असती ना, पांढरी, नुसती फेस, दिवसरात वाहती, कुनी अडवीत न्हाई, कुनी पाळी लावीत न्हाई. भिवराकाकू तर ती बघून रडायलाच लागली. म्हनली, ह्यातलं एक टँकरभर कुनी आपल्या हिरीत सोडलं असतं तर. आमच्या चौघी संचालिकांतली ही सगळ्यात मवाळ. दुसरी सिंधूकाकू, तिची जीभ तुला म्हाईतच हाय. तिसरी साखरावैनी, ती सिंधूकाकूच्या मागं मागं. आन चौथी बायनामावशी, सगळ्यात म्हातारी, चालायला सगळ्यात काटक.

तिथली सोसायटी बघितली. त्यांचं दूध, त्यांची लोकर, आन तिसरा धंदा म्हंजी डोंगर दाखवायचा. तंबू त्यांचे, वाटाडे त्यांचे. आमच्यासंगं टेकराम नावाचा वाटाड्या दिला, आपल्या भारतदादाएवढा असंल, गप्प गप्प, गालावर उन्हानं काळे डाग पडलेले. त्यानं निघायच्या आधी एकच गोष्ट चारदा सांगितली. पानी प्या. "माताजी, पानी पीते रहना. प्यास ना लगे तो भी." थंडीत तहान कळत न्हाई, उंचावर हवा पातळ, अंगातलं पानी श्वासावाटं जातंय, डोकं धरतंय. आमी सगळ्या हो हो म्हनलो. आपल्याकडचं हिंदी आपल्याला येतंयच की, समजलं सगळं.

समजलं, पन प्यायलं कोन?

तू सांग, आपन एस्टीत बसायच्या आधी पानी पितो का? केजहून बीडला जायचं तरी सकाळपासनं घोट न्हाई. उतरल्यावर कुठं जायचं, आडोसा हाय का न्हाई, गडी मानसं किती, हे सगळं डोक्यात. आपल्या आया तशाच, आपनबी तशाच. आन तो डोंगर कसा, तर पहिल्या मुक्कामापातुर देवदाराची झाडं, त्याच्यावर मग झाड न्हाई, झुडूप न्हाई, नुसतं गवत, मग दगड, मग बर्फ. माणूस उभं राह्यलं तर कोसावरनं दिसतंय. मी डरेस घातलेली, पोरीची जात, एकदा एका दगडामागं पळाले. बाकीच्या पहाटं अंधारातच जाऊन आल्या आन मग चुळा भरल्यागत पानी पीत होत्या. पन आत्या ती चेअरमन. तिच्यासाठी सगळ्यांनी थांबायचं, टेकरामनं तोंड फिरवून उभं राहायचं, हे तिला नको. तिनं दिल्लीपासनंच पानी घोटाघोटावर आनलं होतं, हे मला लई उशिरा कळलं.

आदल्या रात्री ती जेवली न्हाई. डोकं दुखतंय म्हनली. पदर घट्ट बांधला कपाळाला. मला वाटलं, बसचं असंल.

सकाळी निघालो. काय सांगू तुला कसं वाटतंय तिथं. वर निळं असं की आपल्या नव्या ड्रमासारखं, आन बर्फावर ऊन पडलं की डोळे मिटावे लागतात. दहा पावलं टाकली की छातीत भाता. बायनामावशी म्हनली, "ह्यो डोंगर फुकट न्हाई चढू देत, दर पावलाला हप्ता घेतोय." आमी हसत हसत बसत होतो, बसत बसत जात होतो. आत्या म्होरं. ती थांबायचीच न्हाई. टेकराम म्हनायचा धीरे माताजी, धीरे, आन ती हातानं चल चल करायची.

मग ती वकली. एकदा. तोंड पुसलं आन म्हनली, "पित्त हाय." पुन्हा चालायला लागली, पन पाय कसे पडायला लागले म्हनशील तर शिंदी पिल्यागत. सरळ वाट सोडून बाजूला. मी पळत जाऊन तिचा दंड धरला तर तिनं माझ्याकडं बघितलं, छान हसली, माझ्या पाठीवर थाप मारली आन म्हनली, "चांदने, सर तिकडं. पेंडीची पाटी सांडशील."

चांदनी म्हंजी तिची म्हैस, छबे. छावनीतली.

सिंधूकाकू खो खो हसली. मीबी हसायला गेले आन तिथंच थांबले. कारन आत्या मस्करी करत नव्हती. ती खरंच मला सरकवत होती.

खिंड वर दिसत होती. खरंच दिसत होती, दोन काळ्या सुळक्यांच्या मधी पांढरी वाट, तिथं लावलेली रंगीत फडकी फडफडताना दिसत होती. एवढी जवळ की सिंधूकाकू म्हनली, डेअरीपासनं मारुतीच्या देवळाएवढं तर हाय. टेकरामनं आत्याला दगडावर बसवलं. तिच्या डोळ्यात बघितलं, तिला बोट दाखवून नाकाला लाव म्हनला, तिचं बोट गालाला लागलं. मग त्यानं पाठीवरची पिशवी खाली ठेवली आन माझ्याकडं वळला. "नीचे. अभी के अभी." मी म्हनले, थोडा आराम करके? तर म्हनला, आराम केला की ही उठनारच न्हाई. आता स्वतःच्या पायांनी उतरंल. तासाभरानं उचलून न्यावी लागंल आन वाट अशी अरुंद की उचलनारे चार जन कुठून आनू. उंची बाधलीय. त्यात अंगात पानी न्हाई, ओठ बघ तिचे.

मी आत्याच्या पिशवीतली बाटली काढली. भरलेली. बूच उघडलंच नव्हतं. दिल्लीतला कागदबी तसाच.

मी म्हनले, "आत्या, तू पानी काहून पिली न्हाईस?"

"पुरवून ठेवलंय," ती म्हनली. "तुमाला लागंल म्हनून."

"इथं खाली नदी वाहतीया."

"बोलू नको मोठ्यानं. तो बाप्या हाय ना तिथं. कुठं बसू मी?"

टेकराम तिला हात देऊन उठवायला गेला तर तिनं हात झटकला. "हम चेअरमन है," म्हनली. "हम उपर जायेगा." त्यो बिचारा. त्याला काय कळंना. बळजबरी कशी करायची पाहुन्या बाईमानसाला. मी म्हनले आत्या खाली चल, पाया पडते. तर म्हनली, "माणिकरावानं खिळा ठोकलाय." बायनामावशी म्हनली, "भामा, मुकाट्यानं चल." तर आत्या ताठ झाली. डोकं ठिकाणावर नव्हतं तिचं, पन खुर्ची ठिकाणावर होती, काय सांगू तुला. म्हनली, "अशी हुकूमशाही आपल्या सोसायटीत चालत न्हाई. कुनाला माघारी जायचं असंल तर ठराव मांडा."

आन छबे, मांडला की.

बर्फात, दगडावर, नाकातनं पानी गळतंय सगळ्यांच्या, आन बायनामावशी म्हनली, "ठराव असा की सगळ्यांनी खाली उतरायचं. सूचक मी." भिवराकाकूनं लगेच म्हनलं, "अनुमोदक मी." टेकराम बघत राहिला. त्याला वाटलं आमी आरती का काय सुरू केली.

आत्या म्हनली, "बाजूनं हात वर करा." दोन हात. बायनामावशी, भिवराकाकू.

"विरोधात."

सिंधूकाकूनं हात वर केला. मी म्हनले काकू, तू बघितलंस ना ती मला म्हैस म्हनली. तर म्हनली, "अगं गीते, समोर दिसतीया. तिच्या जिवाला लागून राहील आयुष्यभर. पोचली की आपोआप बरी होईल. बाळंतपनात न्हाई का होत, मोकळी झाली की उठून बसती." तिला खरंच तसं वाटत होतं, दुष्टपना नव्हता त्यात. आन तिचा हात वर म्हनून साखरावैनीचा हात वर. दोन-दोन.

आत्यानं बोटं मोजली. हळू हळू मोजली. "समसमान," म्हनली. "चेअरमनचं मत..." आन वर खिंडीकडं बघायला लागली. तिचे ओठ असे पांढरे, चिरलेले. तिला ते वाक्य पुरं करायला वेळ लागत होता, शब्द सापडत नव्हता, एवढाच मला टाईम मिळाला.

मी म्हनले, "थांबा. पोटनियम हाय."

माझं मलाच कळलं न्हाई तोंडातनं कसं निघालं. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हनले, "एकोनचाळीस. चेअरमनची तब्येत बिघडलेली असंल तर समसमान मतं पडल्यावर चेअरमनचं मत सचिवाकडं जातंय."

सिंधूकाकू म्हनली, "ह्यो कधी आला?"

"नवी दुरुस्ती झाली ना, पोटनियम सगळे बदलून आले, त्यात आला."

"आमाला वाचून न्हाई दाखवलास."

"दाखवला. तू तवा सुपारी कातरत होतीस."

हे बरीक खरं होतं. ती दर मिटिंगला सुपारी कातरत असती. तिला वाटलं, असंल. पन छबे, असला नियम कुठंच न्हाई. नोकराला चेअरमनचं मत कोन देतंय? डेअरीच्या कुत्र्यालासुद्धा खरं वाटनार न्हाई. आन समोर कोन बसलेली, तर जिनं ते पोटनियम तोंडपाठ केलेत ती बाई. तब्येत बिघडलेली असू दे, पन पोटनियम म्हनल्यावर तिची मान अशी झर्रकन वळली माझ्याकडं.

बघत राहिली. वारा होता, फडक्यांचा आवाज येत होता वरनं. मला वाटलं, आता म्हनंल, गीते, असला नियम न्हाई. मग संपलं. मग ती उठनार आन वर चालायला लागनार, सिंधूकाकू तिच्यामागं, आन आपन काय करायचं तर मागनं बघायचं.

ती म्हनली, "सचिवांचं मत?"

"खाली," मी म्हनले.

"ठराव मंजूर," आत्या म्हनली आन दगडावर हात टेकून उठली. स्वतःच्या पायांनी. आन मला म्हनली, "लिहून घे."

मी तिची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. टेकरामनं विचारलं, क्या हुआ? बायनामावशी म्हनली, "मंजूर हुआ. चलो." त्याला काय मंजूर झालं ते कळलं न्हाई, पन चलो कळलं.

त्यानं साखरमीठ घातलेलं पानी काढलं. आत्या तोंड फिरवायला लागली. मग बायनामावशी तिच्या पुढ्यात बसली आन अगदी हळू म्हनली, "भामा, पी. आमी हाव ना आडोशाला. चौघींची लुगडी काय नुसती वाळत घालायची हायत का?" भिवराकाकू टेकरामला म्हनली, भैया, तुम वो पहाड देखो. तो शहाना गडी, लांब जाऊन खरंच पाठ करून त्या पहाडाकडं बघत उभा राहिला, आमी हाक मारीपातुर. आमी गोल केला. साखरावैनीनं शाल धरली, सिंधूकाकूनं पदर सोडून धरला, सगळ्यात पुढं तीच, तोंड बाहेर करून, कुनी डोंगरावरनं आलं तर खाऊनच टाकनार. मी डरेसवाली, मी ओढनी धरली. आत आत्या. आमी सगळ्या आभाळाकडं बघत होतो आन बायनामावशी म्हनली, "एवढ्यासाठी जीव द्यायला निघालती बया." आन आतनं आत्याचा आवाज आला, "चेअरमनशी नीट बोला."

तिथं सिंधूकाकू जी हसायला लागली, ती हसता हसता रडायलाच लागली. म्हनली, मी हात वर केला गं, माझ्या हाताला कीड लागली असती. बायनामावशीनं तिच्या पाठीवर हात फिरवला, बस.

मग उतरलो. घोट घोट पानी, थोडं चालायचं, घोट पानी. टेकराम म्होरं, आत्याचा हात त्याच्या खांद्यावर, आता तिला त्याचंबी काही वाटत न्हाई. खिंड मागं राहिली. मी एकदाच वळून बघितलं. मला लई जायचं होतं वर, खोटं कशाला बोलू. पन तवा ती खिंड नुसती दोन दगडांतली फट वाटत होती.

गवत लागलं तवा आत्याचे पाय सरळ पडायला लागले. देवदाराची झाडं दिसली तवा ती थांबली, ओढ्यावर वाकली, ओंजळीनं पानी पिली, तोंडावर मारलं, थंडीनं शहारली आन म्हनली, "गीते, चांदनीला कोन पाजत असंल गं पानी?"

गीते म्हनली, छबे. मला गीता म्हनली. मी तिथंच खाली बसले आन अशी रडले, टेकराम घाबरला, त्याला वाटलं आता ही आजारी पडली.

संध्याकाळी तंबूत तिनं चार रोट्या खाल्ल्या, राजम्यासंगं, आन वर म्हनली ह्यांना हिरवी मिरची वाटता येत न्हाई. मग बाकीच्या बाहेर शेकोटीकडं गेल्या आन तिनं मला जवळ बोलावलं. म्हनली, "एकोनचाळीस नंबर काय हाय म्हाईत हाय का तुला?"

मी रोट्यांची ताटं गोळा करायला लागले.

"शिक्का कुनाच्या ताब्यात ठेवायचा, ते हाय."

मी म्हनले, "मग तवाच काहून बोलली न्हाईस?"

तिनं पायांना तेल चोळायला घेतलं. म्हनली, "मला तुझं तोंड दोन दोन दिसत होतं पोरी. एकोनचाळीस ऐकलं आन डोक्यात दिवा लागल्यागत झालं, ह्यो तर शिक्क्याचा नियम. मग म्हनलं, गीता फॅटचा आकडा एका टिपक्यानं इकडंतिकडं करत न्हाई, आन ही आज एवढी मोठी लबाडी करतीया, म्हंजी माझं काही खरं न्हाई. उतरायचं तर मलाबी होतं गं. नुसतं उतरते म्हनता येईना. ठराव झाला, मग उतरता आलं."

मग म्हनली, "आता माणिकरावाला मी माझ्या तोंडानं सांगते, न्हाई पोचलो म्हनून. पन पुन्हा असला नियम काढलास तर नोकरीवरनं काढीन. आन त्याला ठराव लागनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी आमी तिथल्याच कुरनात बसून राहिलो दिवसभर, ऊन खात, ओढ्याचं पानी पीत, झाडांच्या मागं हवं तेवढ्यांदा जात. इतका चांगला दिवस माझ्या आयुष्यात गेला न्हाई. काही केलं न्हाई त्या दिवशी. नुसती आत्या बोलत होती आन नीट बोलत होती.

पन मला अजून एकच आठवत राहतंय. ती माझ्याकडं बघत होती ना, सचिवांचं मत म्हनायच्या आधी, तेवढं. तिनं म्हनलं असतं, असला नियम न्हाई, तर माझ्याकडं दुसरं काहीच नव्हतं गं. तिच्या पायात पडून बसले असते का, सिंधूकाकूचा हात पिरगाळला असता, का टेकरामला म्हनले असते उचल हिला, चेअरमन असली तरी उचल. मला खरंच कळत न्हाई. तू सांग ना छबे, तू तिथं असतीस तर काय केलं असतंस?